पान तीनवरचा चौसष्ट

तुम्ही कुणाला एखादी गोष्ट फुकट दिलीत, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतलीत, आणि ती त्याच्या उपयोगी पडली का हे बघायला पुन्हा कधी त्याच्या दारात गेलात का?

मी गेले नव्हते. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील नोकरी करून उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि वाटायचे. किनाऱ्यावर कुणाची जमीन जाते आहे, अंगात येणं म्हणजे काय, रेशनवर काय मिळायला हवं, असे विषय. घड्या घालायचं काम माझं. चमच्याच्या पाठीने घडी दाबली की कागद फुगत नाही, हे मला अक्षरं जुळवता यायच्या आधी येत होतं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ असायची: वाचून झाल्यावर पुढे द्या. वडील म्हणायचे, पत्रकावर किंमत छापली की त्याची जाहिरात होते. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते खरं आहे का, हा प्रश्नच कधी पडला नाही.

मांडवीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सुतारकाकांचं दुकान आहे. देव्हारे ही त्यांची खासियत. दोन्ही दारं मिटली की मधोमध एक पूर्ण कमळ जुळून यायचं, अर्धं डाव्या दारावर, अर्धं उजव्या. ते कमळ पाहून लोक ओळखायचे की देव्हारा कुणाकडचा. दोन वर्षांपूर्वी काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. करवत चालायची, रंधा चालायचा, पण पटाशीचं बारीक काम होईना. ते साधी कपाटं करू लागले आणि बोलेनासे झाले.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. मोबाईलवर एक व्हिडिओ होता. संगणकावर नक्षी काढायची, आणि मोटारीवर फिरणारं पातं तीच नक्षी लाकडात कोरत जातं, असं यंत्र. सीएनसी राउटर. तयार यंत्र काकांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण व्हिडिओ करणारे गृहस्थ त्या यंत्राचे आराखडे विकत होते. ते घेऊन आपलं आपण जोडायचं.

"कमळ माझंच असल ना गो बाय?" काकांनी विचारलं. "का त्याच्यात घातलेली असतील तीच काढायची?"

"तुमचंच. तुमच्या कागदावरनं मी संगणकात उतरवीन."

"मग घे. हात माझा नसला तरी चालल."

मी माझ्या नावाने आराखडे घेतले. दुसऱ्याच दिवशी विकणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. आयुष्य पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत काढून निवृत्त झालेले फिटर. लाकूड कोणतं वापरणार, यंत्र कुठे ठेवणार, दुकानाचं दार समुद्राकडे आहे का, असं एकेक विचारत होते. "खारा वारा लोखंड सोडत नाही हो. पातं ज्यावर सरकतं त्या रुळांना तेल कधी द्यायचं ते पहिल्या पानावर लिहिलंय, ते सोडू नका." मला घाई होती. शिवाय त्याच पानावर खाली लिहिलेलं मला खटकलं होतं: हे आराखडे एका दुकानासाठी आहेत, कृपया पुढे देऊ नयेत.

"ज्ञान असं कुलपात का ठेवता तुम्ही?" मी म्हणाले.

"कुलपात कुठे? विकलंय की तुम्हाला."

"तेच म्हणते मी. विकलंत."

मग मी त्यांना कष्टकऱ्याच्या हातातली कला, यंत्र आणि मालकी यावर बराच वेळ ऐकवलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. रुळांना तेल मात्र द्या." 

पुढच्या आठवड्यात मी पत्रक काढलं. आराखड्याची पानं बरीच होती, माझं पत्रक चार पानी. मुख्य आकृत्या पुन्हा काढल्या, मापं मोठ्या आकड्यांत, सगळं मराठीत. जागा पुरेना म्हणून खाऱ्या वाऱ्याचं पान गाळलं. त्या गृहस्थांचं नाव आणि नंबर गाळला, तो जागेसाठी नाही. वर मथळा दिला, "आपलं यंत्र आपणच घडवा". तळाशी वडिलांची ओळ. पहिली प्रत काकांना दिली, बाकीच्या फर्निचरवाल्यांना, हार्डवेअरच्या दुकानांत आणि एसटीतून पार बुरोंडीपर्यंत वाटल्या. घड्या चमच्यानेच घातल्या. वडील फार खूश होते.

मग त्या गृहस्थांचे फोन येऊ लागले. एका दिवसात तीन. पत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं असणार, आता कायद्याची भाषा करतील, असं मी धरून चालले. घाबरले असं तेव्हा मी कबूल केलं नसतं. तत्त्वाचा प्रश्न आहे, वाद घालण्यात अर्थ नाही, असं म्हणून मी त्यांचा नंबर ब्लॉक केला.

पत्रक समोर ठेवून काकांनी जोडलेलं यंत्र दोन महिन्यांनी उभं राहिलं. पहिलं काम घ्यायचं ते कमळाचंच. त्यासाठी त्यांनी फणसाच्या दोन फळ्या काढल्या. त्यांच्या घरामागचं झाड पडलं होतं, त्याच्या. सात-आठ वर्षं माळ्यावर सुकवून ठेवलेल्या, पिवळ्याधमक. मी नक्षी संगणकात उतरवून दिली होती. काका दिवसभर यंत्राशेजारी स्टूल टाकून बसले. आधी डावं दार, मग उजवं. पाकळी उमटू लागली तेव्हा ते कंप असलेला हात मांडीखाली दाबून बघत होते.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही दारं बाकावर शेजारी ठेवली. कमळ जुळत नव्हतं. डावा अर्धा वर सरकलेला, उजवा खाली. फार नाही, दोन-अडीच मिलिमीटर. पण पाकळीची रेघ मध्येच तुटत होती, आणि ते दारातून आत येणाऱ्या कुणालाही दिसलं असतं.

मला वाटलं, माझं संगणकात काही चुकलं. काका उठले, भिंतीवरचा गुण्या काढला आणि यंत्राच्या पुलाला, म्हणजे दोन बाजूंच्या पाट्यांवर आडव्या बसवलेल्या, पातं वाहणाऱ्या भागाला लावला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. पूल काटकोनात नव्हता.

"पाट्या बसवल्या तवाच लावला व्हता," ते म्हणाले. "तवाच तिरपा दिसत व्हता."

"मग काका, तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझ्या कागदात चौसष्ट व्हतं. मी पाच येळा बघितलं." गुण्या परत खिळ्याला अडकवत ते म्हणाले, "छापलेलं व्हतं गो. म्हटलं यंत्राचं गणित निराळं असल. आपल्याला काय त्यातलं कळतं."

पन्नास वर्षं काटकोन ओळखणारा माणूस माझ्या कागदापुढे स्वतःच्या डोळ्यांना गप्प बसायला सांगत होता. अंगात येण्याविरुद्धची पत्रकं घडी करत मोठी झालेली मी. तपासून बघा, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, हे त्या प्रत्येक पत्रकात असायचं. आणि मी असा कागद काढला होता की ज्याच्यावर विचारायला नंबरसुद्धा नव्हता.

त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. आधी त्यांचा नंबर ब्लॉकमधून काढला.

"मांडवीच्या ना तुम्ही?" त्यांनी आवाजावरून ओळखलं. "खाऱ्या वाऱ्याच्या. मी किती फोन केले तुम्हाला. अकराव्या पानावर माझी चूक झालीय. उजव्या पाटीची भोकं चौसष्ट मिलिमीटरवर दाखवलीत, अठ्ठावन्न हवीत. पाट्या कापल्या नाहीत ना अजून?"

म्हणजे ते फोन त्यासाठी होते. पत्रकाचं त्यांना माहीतही नव्हतं.

मी सगळं सांगितलं. पत्रक, गाळलेलं पान, गाळलेलं नाव, ब्लॉक केलेला नंबर. ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांना मी फोन केले," ते म्हणाले. "वहीत नावं आहेत माझ्या. तुम्ही कुणाकुणाला दिलंत?"

मला सांगता आलं नाही. वाटणारा यादी ठेवत नाही. त्याचाच तर मला अभिमान होता.

"आणि सुतारांना सांगा," फोन ठेवताना ते म्हणाले, "नवी पाटी मी कापून पाठवतो. चूक माझी आहे."

पाटी आली. काकांनी बसवली, गुण्या लावला, मान हलवली. पण फणसाच्या तशा फळ्या पुन्हा नाहीत. ती न जुळणारी दारं दुकानात भिंतीला टेकून आहेत. मी एकदा म्हटलं, ती ठेवून द्या काका, बघवत नाहीत. "रंध्याने उडवीन कधीतरी," ते म्हणाले, आणि अजून उडवलेली नाहीत.

मी आता दर रविवारी पत्रकं शोधत फिरते. बुरोंडीत होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाच्या भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं मिळालं. ते झेरॉक्सचं झेरॉक्स होतं. मी पेनने आकडा बदलला. तो म्हणाला, "मी काय बनवलं नाय. पण परवा एकाने ह्याचा फोटो काढून नेलान. कोण, ते नाय ठाऊक. तूच लिहिलंस ना खाली, पुढे द्या म्हणून?"

वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्तीचं पत्रक काढ." ते मी काढलं आहे. त्यावर त्या फिटरांचं नाव त्यांना विचारून घातलं आहे, त्यांचा नंबर, माझा नंबर, आणि खाऱ्या वाऱ्याचं पान पूर्ण. पण पहिलं जिथे जिथे गेलं तिथे तिथे दुसरं पोचेलच, असं आता मी म्हणणार नाही. तो फोटो काढून नेणारा माणूस आज कुठेतरी पाटीवर खुणा करत असेल, आणि गुण्या तिरपा दिसला तर स्वतःलाच वेडा म्हणत असेल.

म्हणून एवढंच मागते. "आपलं यंत्र आपणच घडवा" असं चार पानी पत्रक तुमच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या दुकानात, मोबाईलमध्ये, भिंतीवर असेल, तर पान तीन उघडा. उजव्या पाटीशेजारचा चौसष्ट खोडा आणि अठ्ठावन्न लिहा. मग ते ज्याला दिलंत, त्याच्याकडे स्वतः जा.