कर्नेलमधला पक्का आकडा

त्या वर्षी कापूस यायला लागला आणि अकोल्याच्या बाजारातला आमचा संगणक दुपार झाली की गप्प बसू लागला. सगळ्या वजनकाट्यांवरचे टर्मिनल त्याला जोडलेले. तो थांबला की काटे थांबत आणि गाड्यांची रांग पार रस्त्यावर जाई. शेतकऱ्यांचे दिवस आधीच वाईट चालले होते; आलेल्या माणसाला आणखी उन्हात ताटकळत ठेवायची मला लाज वाटे.

मी अमरावतीची. प्रोग्रामिंग माझ्याकडे होतं, यंत्रं माझ्या भागीदारांकडे. ते अकोल्याचे, वयानं मोठे. मी त्यांना भाईजान म्हणत असे. त्यांनी मेमरी वाढवून पाहिली. तरी तेच. अर्धी मेमरी मोकळी, आणि संगणक सांगतोय, जागा नाही.

शेवटी मी कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचायला घेतला. टर्मिनलकडून आलेला मजकूर ठेवायला कर्नेल सुरू होतानाच मेमरीचे काही तुकडे बाजूला काढतो. किती काढायचे, तो आकडा लहान संगणकांच्या काळात कुणीतरी कोडमध्येच पक्का लिहून ठेवलेला. मेमरी कितीही घाला, तुकडे तेवढेच; दुपारी सगळे काटे एकदम चालू झाले की ते संपत.

भाईजान म्हणाले, "मोठा आकडा टाक अन् मोकळी हो. काहून डोकं पिकवून राहिली?"

मोह मलाही झाला. पण भातकुलीच्या कापूस खरेदी केंद्रात आमचा हाच कोड जुन्या, लहान संगणकावर चालत होता. तिथं मोठ्या आकड्यानं सगळी मेमरी खाल्ली असती. म्हणून मी आकडाच काढून टाकला. संगणकानं सुरू होताना आपली मेमरी पाहावी आणि त्यातला ठरावीक हिस्सा घ्यावा, असं लिहिलं.

भातकुलीचा संगणक त्यावर सुरूच होईना. मी कोड पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. भाईजान चहा सांगून आले. मग चूक दिसली: मी हिस्सा एकूण मेमरीतून काढला होता, कर्नेल स्वतः किती जागा घेतो ते वजा न करता. दुरुस्त केलं, आणि पडदा उजळला.

अकोल्यात बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं काट्यापाशी उभे राहिलो. दुपार झाली, सरली. गाड्या येत होत्या, जात होत्या. रस्त्यावर रांग नव्हती.

"मले आता भूक लागली," भाईजान म्हणाले. सकाळपासून दोघांनीही काही खाल्लं नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीत मी बसल्या बसल्या झोपले. अमरावती आल्यावर कंडक्टरनं उठवलं.