फुटलेल्या ताऱ्याभोवतीचा वायू

सुस्सऽऽ असा आवाज आला आणि मी झाडू टाकून गॅसच्या सिलिंडरकडे धावलो. बारामतीच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबचा मी नवा शिपाई. नॉब आवळला, खिडक्या उघडल्या, पोरांना बाहेर हाकललं. पाठक सर मात्र ज्यातनं तो आवाज येत होता त्या स्पीकरशेजारी बसून हसत होते. "मामा, गॅसच आहे, पण आकाशातला! हायड्रोजन. आणि खरं सांगू? यातला बराचसा आवाज आपल्या यंत्राचाच."

नव्वदनंतरची ही गोष्ट. असले किस्से लॅबमधल्या धुळीसारखे साठतात. मी धूळ पुसली, किस्से तेवढे राहिले.

*

सरांना फुटलेल्या ताऱ्यांचा नाद. तारा फुटला की भोवतीचा हायड्रोजन रेटला जाऊन कडेला गोळा होतो, असं ते सांगायचे. त्या वायूच्या रेडिओलहरी ऐकायला त्यांनी गच्चीवर कोंबड्यांच्या जाळीची मोठी डिश बांधली.

एप्रिलात वर जाऊन बघतात, तर डिशभर कुरडया! मेसच्या शांताबाई म्हणाल्या, "दोन दिसांत वाळतील, सर. तुमचे तारे कुठं पळून चालल्यात?"

*

अशाच एका ताऱ्याच्या अवशेषाचा नकाशा सरांनी भिंतीवर लावला. मधे तारा फुटलेली जागा, भोवती वायूच्या रेघांचं कडं.

इंदापूरकडचे एक पालक आले. त्यांचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं. त्यांना तो धरणाचाच नकाशा वाटला. "ह्यात आमचं गाव कुठं हाय?"

सरांनी तारा फुटल्याचं समजावलं. पालकांनी कड्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "शेजारच्यांचं पुनर्वसन झालं का?"

*

मी मेंढरं विकून नोकरी धरली, तेव्हापासून माझे थोरले बंधू, तात्या, माझ्याशी बोलत नव्हते. डोळे दाखवायला गावाहून, कळसहून, यायचे आणि एसटीची वेळ होईपर्यंत लॅबमध्ये बसायचे. पण बोलायचे सरांशी.

"सर, तुमच्या शिपायाला इचारा, च्या हाय का?"

मी समोरच उभा! मग मीही म्हणायचो, "सर, तात्यांना सांगा, साखर बेतानं घातलीय."

सात वर्षं अशी गेली. तात्या मला कधीतरी 'बाळ्या' म्हणून हाक मारतील, म्हणून कान तिकडंच असायचे.

*

एकदा तात्या नाक लावून तो नकाशा बघत होते.

"सर, कड्याला हितं खिंडार कशानं?"

"तिथं वायू विरळ होता. त्या बाजूनं सगळं बाहेर गेलं."

"व्हय. जाळी ढिली असली का मेंढरं तिकडनंच जात्यात."

मी कपबशा धूत राहिलो.

"ह्यो मधला तारा परत न्हाय व्हायचा?"

"तो नाही. पण भोवतीच्या वायूतनं कधीतरी नवे होतात."

"किती दिसांत?"

"लाखो वर्षं लागतात, तात्या."

"मंग घाई न्हाय!"

पोरं हसली. मीही हसलो, आणि हसता हसता, सरांना मधे न घेता, बोलून गेलो, "तात्या, आज माझ्या घरला चला. मुक्कामाला ऱ्हावा."

तात्यांनी टोपी नीट केली. माझ्याकडं पाहिलं, चांगलं निरखून. मग काठी उचलली, आणि कळसची एसटी धरायला स्टँडच्या रस्त्याला लागले.