डेटोनेटर की टिकल्या?

"सावंत, टिकल्यांचा आवाज कुठला आणि डेटोनेटरचा कुठला, एवढंही तुम्हाला कळत नाही?"

चौकशीला बसलेल्या नाडकर्णी साहेबांनी हे विचारलं आणि मी मनातल्या मनात म्हटलं, दादा, नाही म्हणा. फक्त नाही म्हणा आणि गप्प बसा.

"कळतो की साहेब!" सावंतदादा छाती काढून म्हणाले. "झोपेत कळतो."

"मग गाडी का थांबवलीत?"

मी डोकं धरलं. वाट लागली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मालगाडीवर गार्ड होतो. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.कॉम. सेकंड क्लास. कांदिवलीच्या आमच्या खोलीच्या दारावर वडिलांनी माझ्या नावाची पाटी लावली, त्यात नावापेक्षा 'बी.कॉम.' मोठं होतं. वडील गिरणीत होते. मुलगा बँकेत जाईल असं त्यांना वाटत होतं. मी रेल्वेत गेलो. पण मला हे काम आवडायचं आणि अजूनही ते मी अभिमानाने सांगतो. मालगाडीच्या अगदी शेवटी जो डबा असतो, त्याला ब्रेकव्हॅन म्हणतात. गार्ड तिथे बसतो. ड्रायव्हर पुढच्या टोकाला, गार्ड मागच्या टोकाला, मध्ये सगळी गाडी. त्या काळी आमचं बोलणं शिट्टीवर आणि झेंड्यावर चालायचं.

सावंतदादा त्या गाडीचे ड्रायव्हर. मालवणकडचे, दहिसरला चाळीत राहणारे. इंजिनावर निम्मं आयुष्य गेलेलं. मालगाडीचा ड्रायव्हर म्हणजे घरचा पाहुणा. आज इथे, उद्या कुठल्या तरी रनिंग रूममध्ये पथारी. त्यांचं नाव मोटरमनच्या यादीत आलं होतं. मोटरमन म्हणजे लोकल चालवणारा. ड्युटी संपली की संध्याकाळी घरी, आपल्या ताटात. वहिनींनी चाळभर सांगून ठेवलं होतं. पण चौकशी चालू असलेल्या माणसाला बढती मिळत नाही, आणि चौकशीत ठपका बसला तर यादीतून नाव जातं. पुन्हा यादी कधी लागेल ते कुणी सांगावं. साहेबांच्या टेबलासमोर पणाला लागलं होतं ते हे.

आता डेटोनेटर म्हणजे काय ते सांगतो. जाड बिस्किटासारखी गोल, चपटी पत्र्याची डबी. आत दारू भरलेली. दोन बाजूंना मऊ पट्ट्या असतात, त्या रुळाला वळवून डबी रुळावर घट्ट बसवायची. इंजिनाचं चाक वरून गेलं की फुटते. चाकाला काही होत नाही, पण ड्रायव्हरला आवाज ऐकू जातो. पुढे रूळ तुटलाय, गाडी अडकलीय, काहीतरी धोका आहे, हे सांगायला झेंडा किंवा दिवा दिसेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी हा आवाज सांगतो. स्वच्छ हवेत, म्हणजे धुकं नसताना, डेटोनेटर फुटला तर नियम सरळ आहे: गाडी थांबव, शिट्टी दे, पुढे काय आहे ते बघ, मग जपून निघ.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची सकाळ होती. बोरिवली सोडून आम्ही दहिसरच्या दिशेने निघालो होतो. नुकतं उजाडलेलं. दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून आवाज चालूच होते. तेवढ्यात पुढे एक मोठा दणका झाला आणि गाडी कचकचत उभी राहिली. ब्रेकव्हॅनमधला माझा चहा पँटवर.

गाडी अशी मध्येच उभी राहिली की गार्डने पहिलं काम करायचं ते म्हणजे मागून येणाऱ्या गाडीपासून आपली गाडी वाचवायची. लाल झेंडा घेऊन मागे चालत जायचं आणि रुळावर आपले डेटोनेटर लावायचे. मी वाकून पट्ट्या वळवत होतो, तर रुळाशेजारच्या घराच्या ओट्यावर अंगाला उटणं फासून उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "वा! रेल्वेकडून पण दिवाळी?"

"काका, पोरांना आत घ्या," मी म्हटलं.

"पोरं कधीच पळाली," ते म्हणाले. "तुमची गाडी थांबली तशी."

तेव्हाच मला शंका आली. मागचा बंदोबस्त करून मी गाडीच्या कडेने पुढे गेलो. साधारण मधल्या वॅगनपाशी रुळाला काळं लागलेलं होतं आणि खडीत टिकल्यांचे लाल कागद, सुतळीचे तुकडे. टिकल्यांच्या डब्या एकावर एक ठेवून, सुतळीने करकचून बांधून पोरांनी रुळावर ठेवल्या होत्या. डेटोनेटर फुटला असता तर पत्र्याचे तुकडे सापडले असते. एकही नव्हता. मागे एक मेल उभी राहिली होती, तिच्या मागे लोकल. दिवाळीच्या सकाळी लोक रुळात उतरून काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही.

रिपोर्टमध्ये मी दिसलं ते लिहिलं. टिकल्या सापडल्या. त्यावरून सावंतदादांवर चार्जशीट: विनाकारण गाडी थांबवून वाहतुकीचा खोळंबा. आणि मी साक्षीदार.

तर आता साहेबांच्या खोलीत. नाडकर्णी साहेब नवे होते, तरुण होते, माणूस वाईट नव्हता. पण वरून त्यांना त्या मेलबद्दल ऐकावं लागलं होतं.

"कळतो म्हणता, तरी थांबलात. मग दिवाळीभर आपण गाड्या चालवायच्या की नाही?"

मी घसा साफ केला. "साहेब, बोलू का?"

"बोला. तुम्ही ग्रॅज्युएट ना?"

"बी.कॉम., साहेब. नियमात 'ओळखा आणि थांबा' असं नाहीये. 'थांबा' एवढंच आहे."

"नियमामागे कॉमन सेन्स धरलेला असतो, मिस्टर. मी लहानपणापासून तबला शिकलोय. टिकल्या फुटतात तेव्हा आवाज पसरतो. डेटोनेटरचा आवाज घट्ट असतो. मला डोळे मिटून कळेल."

"माका पण," सावंतदादा म्हणाले. "म्हणजे मलासुद्धा साहेब."

मला एकदम सुचलं. "मग साहेब, करून बघूया ना. तसंही डेटोनेटरचं टेस्टिंग व्हायचंय."

हे खरं होतं. डेटोनेटर साठवून ठेवले की दमट हवेने खराब होतात, म्हणून दरवर्षी जुन्या साठ्यातले थोडे फोडून बघावेच लागतात. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग सावंतदादांकडे. त्यांनाही गंमत वाटली असावी. "ठीक आहे. दोघांनाही ओळखता आलं, तर चार्ज कायम. कबूल?"

"कबूल!" मी तोंड उघडायच्या आत सावंतदादा म्हणाले.

बाहेर पडल्यावर मी त्यांना चहाच्या टपरीवर गाठलं. "दादा, तुमच्या लक्षात येतंय का? उद्या तुम्हाला आवाज ओळखता आला नाही, तरच तुम्ही सुटताय."

"मेल्या, तू माझ्या बाजून आसस की तेंच्या?"

"तुमच्या! म्हणून सांगतो, उद्या चुका जरा."

"म्हणजे खोटा ऐकू? इतकी वर्सां इंजिनार काढली, आणि फटाको काय ता माका कळाचा नाय म्हणून साहेबासमोर सांगू?"

"इज्जत पाहिजे की मोटरमन व्हायचंय?"

ते विचार करायला लागले. चहा गार झाला तरी विचार चालूच. मी उठलो.

टिकल्या मीच आणल्या. दिवाळी उलटून गेली होती. कांदिवलीचा दुकानदार माळ्यावरून उरलेला खोका काढत म्हणाला, "आता कसली वरात आहे रे?" मी म्हटलं, सरकारी काम आहे. त्याने धूळ झटकली आणि काहीच विचारलं नाही.

यार्डात एका रिकाम्या लाइनवर एकटं इंजिन उभं केलं. मांडणी लोको इन्स्पेक्टर फर्नांडिस यांच्याकडे. ड्रायव्हरांच्या कामावर देखरेख ठेवणारा माणूस म्हणजे लोको इन्स्पेक्टर. त्यांनी रुळावर थोड्या थोड्या अंतरावर पाच ठिकाणी काहीतरी बांधलं. कुठे काय ते फक्त त्यांना ठाऊक. स्वतः लांब उभे राहिले, दोन्ही हातांत झेंडे. ठरलं असं की आवाज झाला की आतल्या दोघांनी सांगायचं, मग फर्नांडिस झेंडा दाखवणार. लाल म्हणजे डेटोनेटर, हिरवा म्हणजे टिकल्या.

इंजिन दुसऱ्या ड्रायव्हरकडे दिलं होतं. साहेब, सावंतदादा आणि मी मागे उभे. साहेबांनी खरंच डोळे मिटले. सावंतदादांनी कानातला केस उपटला.

धाड!

"डेटोनेटर," साहेब म्हणाले.

"डेटोनेटर. प्रश्नच नाय," सावंतदादा.

बाहेर हिरवा झेंडा.

साहेबांनी डोळे उघडले. "हिरवा? फर्नांडिसनी झेंडे उलटे धरलेत का?"

"नाही साहेब," मी म्हटलं. माझ्या आवाजात आनंद कळू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

पुढे सरकलो. पुन्हा दणका.

"हा डेटोनेटर," सावंतदादा ठासून म्हणाले.

"टिकल्या," साहेब म्हणाले, पण आता डोळे उघडे होते.

लाल झेंडा. सावंतदादांनी मांडीवर थाप मारली. "बघितलास काय? कान आहेत!" मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी माझा पाय बाजूला केला. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची बढती बुडवत होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही घरी मुलगा झालाय.

तिसरा आवाज बारीक आला. फट्, एवढाच. पत्र्याच्या टोपावर नारळाची करवंटी पडल्यासारखा.

साहेब हसले. "ह्या टिकल्या. हे तर लहान मूल सांगेल."

"टिकल्या," सावंतदादाही हसले. "त्यापण हलक्यातल्या."

फर्नांडिसनी लाल झेंडा वर केला.

साहेब खिडकीतून त्या झेंड्याकडे बघत राहिले. मग खाली उतरले, रुळापाशी गेले, वाकून फाटलेला पत्रा उचलला. आम्हीही मागोमाग उतरलो.

"जुना आहे सर," फर्नांडिस म्हणाले. "साठ्यातलाच. पावसाळ्यात ओल धरतात."

"म्हणजे," साहेब हळू म्हणाले, "मी गाडीवर असतो तर या आवाजाला थांबलो नसतो."

"मी पण नसतो," सावंतदादांच्या तोंडून निघून गेलं.

"आणि पुढे खरंच रूळ तुटलेला असता तर?"

मला दिवाळीची ती सकाळ आठवली. मागच्या मेलमधले लोक, खिडक्यांतून बाहेर काढलेली डोकी. आमच्या पुढे काही नव्हतं. पण ते कळलं आम्ही थांबलो म्हणून.

सावंतदादांचाही चेहरा उतरला. पण तो फार वेळ उतरलेला राहत नाही. "साहेब, एक सांगतो. हा डेटोनेटर सादळलेला होता. सादळलेला धरायचा नाय. नवीन बॉक्समधला लावा आणि परत घ्या."

"दादा!" मी ओरडलोच.

"तू गप रे. एक चूक झाली, ती पण सामानाची."

"आणि पहिली?" फर्नांडिसनी विचारलं. "टिकल्यांना डेटोनेटर म्हणालास, ती पण सामानाची?"

"त्या पण सादळलेल्या असणार. कुणी आणल्या? ह्या ग्रॅज्युएटने. ह्याला फटाके घेता येतात काय?"

नाडकर्णी साहेब आधी खोकले. मग त्यांना हसू आवरेना. रुळावर हात टेकून हसले. "सावंत, मी तुम्हाला सोडतोय. तुम्ही माझ्याशी का भांडताय?"

"सोडताय?"

"चार्ज रद्द. आवाज झाला, तुम्ही थांबलात, बरोबर केलंत. ओळखायच्या भानगडीत यापुढे तुम्ही पडू नका. मीही पडत नाही."

"पुढचे दोन राहिलेत सर," फर्नांडिस म्हणाले.

"फोडा. टेस्टिंग पूर्ण करा. पण मला विचारू नका."

नंतर साहेबांनी दोन गोष्टी केल्या. तो साठा बदलून घेतला, आणि दिवाळीच्या दिवसांत त्या पट्ट्यात रुळांवर फिरायला गँगमन लावले. ड्रायव्हरांना तोंडी सांगितलं की चाकाखाली काहीही वाजलं तर थांबा, मेल खोळंबली तर उत्तर मी देईन. पुढच्या दिवाळीत दोन गाड्या थांबल्या. दोन्ही वेळा टिकल्याच होत्या. कुणावर चार्जशीट झालं नाही.

सावंतदादा मोटरमन झाले. वहिनींनी चाळीत पेढे वाटले, माझ्या घरी डबा आला, त्यात तळलेले बोंबील. पण दादा स्वतः माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत. शेवटी एकदा बोरिवलीला प्लॅटफॉर्मवर भेटले, तेव्हा मी विचारलं, "अजून राग?"

"बढती वाचवलीस, ता खरा," ते म्हणाले. "पण हजेरीच्या लॉबीत पोरं मला विचारतात, दादा, तुम्हाला म्हणे आवाज कळत नाय. काय सांगू त्यांना?"

"सांगा, कळत नाय म्हणून थांबतो."

"हॅट्. असं कोण सांगेल?"

पुढे मी अनेक वर्षं नव्या गार्डांना नियम शिकवले. वर्गात दरवेळी एखादा हुशार मुलगा निघायचा, तो विचारायचा, "सर, आवाज डेटोनेटरचा नाही असं खात्रीने कळलं तर?" मी त्याला एवढंच सांगायचो, "खात्रीने कळायला आधी गाडी उभी असावी लागते." माझ्या नोकरीत खात्रीची माणसं पुष्कळ भेटली. गाड्या मात्र नुसते नियम पाळणाऱ्यांनी वेळेवर आणल्या, किंवा उशिरा आणल्या. पण आणल्या.