अण्णांचे सहा फोटो

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. सुमनपाशी तर नाहीच — ती माझी बायको, आणि गोष्ट तिच्या वडिलांची आहे. तुम्हाला सांगतो. पण कुठून सुरू करू?

परभणीत आमचं घर स्टेशनजवळ. गच्चीवर गेलं की एकीकडे रेल्वेचे दिवे, दुसरीकडे मंगल कार्यालयाचे फोकस. आभाळ कधी काळं होतच नाही, राखाडीच राहतं. अशा गच्चीवरून मी जुन्या, रोलच्या कॅमेऱ्यानं आकाशातल्या तेजोमेघांचे फोटो काढतो. भिंगापुढं लाल काच लावायची, म्हणजे गावचा उजेड थोडा अडतो. मग चाळीस-चाळीस मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून ताऱ्यामागं कॅमेरा हातानं फिरवत राहायचं. मृग नक्षत्रात एक काळा ढग आहे, घोड्याच्या डोक्यासारखा. आठ हिवाळे मी त्याच्यामागं होतो. लोक हसायचे — हसू देत.

त्या दिवाळीला ताडकळसला सासरवाडीत गेलो, कॅमेऱ्यात नवा रोल होता. सासरे, म्हणजे अण्णा, मोबाईल समोर धरला की तोंड फिरवायचे. पण माझा कॅमेरा बघितला आणि स्वतःच फेटा बांधून अंगणात उन्हात बाजेवर बसले. "ह्यो खरा कॅमेरा हाय. काढा जावईबापू. पर हसायला सांगू नका." मी सहा फोटो काढले. रोलमधले उरलेले तीस घोड्यासाठी ठेवले.

माघात अण्णा गेले. शेतातून येता येता छातीत कळ आली, संपलं. तेरावा झाल्यावर सुमन म्हणाली, "तुमच्या कॅमेऱ्यात अण्णा हायेत ना वो?"

होते. पण त्याच रोलवर घोडाही होता. त्या हिवाळ्यात हवा लय स्वच्छ होती, आणि ढग फिल्मवर उतरलाय याची मला खात्री होती — फक्त इतका फिकट, की नेहमीच्या वेळात धुतला तर राखाडी आभाळात बुडून जाणार. रोल डेव्हलपरमध्ये, म्हणजे धुण्याच्या केमिकलमध्ये, दुपटीहून जास्त वेळ ठेवला, तरच तो वर येणार. आणि उन्हातले अण्णा? ते जळून पांढरे फटक होणार. मला ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. रोल मी घरीच बाथरूममध्ये धुतो; तिथं अंधारात तो कापून दोन तुकडे वेगवेगळे धुता आले असते. फार तर ताऱ्यांचा एखादा फोटो कात्रीत गेला असता. एखादा — किंवा दोन. कात्री बाथरूमच्या फळीवरच होती. मी ती उचलली नाही.

घोडा आला. मानेची कड, नाकाड, सगळं. छापल्यावर अण्णांच्या सहाही फोटोंत बाज दिसत होती, मागचा खांब दिसत होता, आणि फेट्याच्या नि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग.

"केमिकल खराब निघालं," मी सुमनला सांगितलं.

ते केमिकल रशीदभाईंनी कालवून दिलेलं. त्यांचा स्टुडिओ कधीच बंद पडला, आता ते झेरॉक्स काढायचे. पण माझ्यासाठी अजून डेव्हलपर करून द्यायचे. निगेटिव्ह मी त्यांना आधीच दाखवली होती. त्यांनी ती उजेडाला धरून अण्णांना पाहिलं, मग तारे पाहिले, आणि काही न विचारता परत दिली. पन्नास वर्षं रोल धुतलेला माणूस. त्यांना कळलं नसेल?

सुमन तडक त्यांच्या दुकानात गेली. मी मागोमाग.

"चाचा, माझ्या बापाचे तेवढेच फोटो होते वो. तुमी असं कसं केलं?"

रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. थांबले — मी बोलेन म्हणून थांबले, हे मला तेव्हाही समजत होतं. मी काउंटरवरच्या कागदांकडं बघत उभा राहिलो.

"हौ बेटी," ते म्हणाले. "दवा पुरानी थी. गलती मेरीच हाय."

आता अण्णांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. त्यात ते घाबरल्यासारखे दिसतात.

रशीदभाई गेल्या उन्हाळ्यात वारले. मी सुमनला म्हटलं, चल, भेटून येऊ घरच्यांना. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या माणसानं माझा बाप दुसऱ्यांदा मारला. तुमी जा."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी चप्पल घातली आणि एकटाच गेलो.