इंग्रजीत मेंढरं

‘जरा इंग्रजीत मेंढरं हाकून दाखव की,’ जहागीरदार म्हणाले. मी तोंड उघडण्याआधीच पाहुणे हसले.

दिवाणखान्यात मेंढरं नव्हती. इराणी गालिचा होता, झुंबर होतं, भिंतीवर वाघाचं मुंडकं होतं. मी घोंगडं पांघरून, हातात काठी घेऊन उभा. घोंगडं जहागीरदारांचंच. कोरं, पाहुणे आले की पेटीतून निघायचं. त्याला अत्तराचा वास. काठी त्यांच्या माळ्याची. धनगरपण तेवढं माझं.

मी हाकली. ‘कम अलाँग, माय डियर शीप.’ टाळ्या पडल्या. एका वकिलांनी हसून हसून डोळे पुसले.

मी औरंगाबादच्या लष्करी छावणीतल्या पाद्र्यांच्या शाळेतून मॅट्रिक झालो होतो. इंग्रजी चांगलं होतं. पण निजामाच्या राज्यात शिकवणं उर्दूतून चाले, आणि इंग्रजीच्या मास्तराची एखादी जागा निघालीच तर ती शिफारशीच्या माणसाला जाई. माझी शिफारस कोण करणार? बापाच्या मेंढ्या?

जहागीरदार म्हणाले होते, ‘आफ्रिकेत, मोंबासाला, आमच्या ओळखीच्या शेटजींची शाळा आहे. तिथं इंग्रजीचे मास्तर हवेत. ते औरंगाबादेत आले की तुझं काम करतो. तोवर येत जा.’

मी येत गेलो. वर्ष गेलं, दुसरं लागलं.

हवेलीतून परतलो की बाप एकच विचारायचा.

‘बसाय सांगितलं का?’

‘नाय.’

‘मग कशाचं काम देतेत तुला.’

खुर्च्यांचं त्याला कौतुक नव्हतं. ज्याला काम द्यायचं त्याला माणूस आधी बसवतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी शिकलेला होतो ना.

मग शेटजी खरंच आले. हिमरूचं कापड खरेदी करायला आणि अजिंठ्याची लेणी बघायला. मी शाळेतल्या जुन्या मास्तरांचा कोट मागून आणला. मोंबासाच्या पोरांना पहिला धडा कसा देईन, ते घोकून गेलो.

जहागीरदारांनी दारातच अडवलं. ‘हे काय? कोट? अरे, कोटवाले इंग्रजी बोलतात त्यात काय नवल! घोंगडं घे.’

मी कोटावरून घोंगडं घेतलं. आत गेलो. मेंढरं हाकली. राग आला नाही. लाजही वाटली नाही.

शेटजी मोकळेपणानं हसले. चेहरा भला होता. अपमान करणाऱ्याचा चेहरा वाईट असतो, ही समजूत नाटकं बघून होते.

मी इंग्रजीत म्हणालो, ‘साहेब, मी तुमच्या शाळेतल्या जागेसाठी आलो आहे.’

मी कोणता वर्ग शिकवीन, व्याकरण येतं का, त्यांनी काही विचारलं नाही. ते वळले जहागीरदारांकडे. ‘इसको भेज दो. गोरे साहब लोग स्कूल देखने आते हैं ना, उनके सामने ऐसे ही खड़ा करेंगे. बच्चों को तो कोई भी पढ़ा लेगा.’

‘लागली बघ नोकरी!’ जहागीरदार म्हणाले. ‘सलाम कर शेटजींना.’

लागली होती. समुद्रापलीकडची. फक्त होय म्हणायचं होतं.

मी घोंगडं काढलं. इराणी गालिच्यावर अंथरलं. नीट, चारी कोपरे ओढून, बाप माळावर अंथरतो तसं. आणि त्यावर मांडी घालून बसलो.

त्या दिवाणखान्यात हुकमाशिवाय वकीलसुद्धा बसत नसत. हसणं थांबलं.

‘ऊठ,’ जहागीरदार म्हणाले.

‘घोंगडं बसायलाच असतं, सरकार. आमच्यात.’ मग शेटजींना म्हणालो, ‘मास्तराला काय विचारायचं असेल ते विचारा. मी बसलोय.’

‘धनगराला माज आला,’ तेच वकील म्हणाले. त्यांचे डोळे आता कोरडे होते. मी जरा वेळ बसून राहिलो, मग उठलो. घोंगडं तिथंच ठेवलं. ते माझं नव्हतं.

घरी बापानं विचारलं, ‘बसाय सांगितलं का?’

‘नाय. मीच बसलो.’

चितेगावकडच्या ज्या माळावर आमची मेंढरं चरायची, तो माळ जहागीरदारांचा. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला बंद झाला. बाप शाबास म्हणाला नाही, शिवीही दिली नाही. मेंढरं वळवली आणि दुसऱ्या वाटेनं निघाला. त्या चाऱ्याचं ओझं माझ्यावर आहे. ते मी नाकारत नाही. पण त्यापायी उभा राहणार नाही.

पुढं आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक रंगूनच्या शाळेचं, एक बसऱ्याचं; त्यांची माणसं मास्तर निवडायला औरंगाबादेत आली होती. दोन्हीकडं आत गेल्यावर मी आधी खुर्ची ओढून घेतली आणि मग नाव सांगितलं. दोन्ही नोकऱ्या गेल्या.

तिसरीकडं बोलावलं तर तिथंही खुर्ची ओढीन. खुर्ची नसली तर जमिनीवर बसेन. उभ्यानं मी आता इंग्रजीतला एक शब्द बोलणार नाही.