वाईट बातमी सांगण्याचं काम

शुभदा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात टीममधल्या एका मुलीशी तिच्या वर्षभराच्या कामाबद्दल बोलत बसले होते. फोन टेबलावर पालथा, आवाज बंद. ही सवय शुभदानंच लावलेली. माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीबद्दल बोलताना एक डोळा फोनवर ठेवणं म्हणजे पाहुण्याला पानावर बसवून आपण दारात गप्पा मारत उभं राहणं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे निरोप मी उशिराच वाचला. तिच्या भावानं, श्रीकांतनं, हॉस्पिटलमधून लिहिलं होतं, 'ताई सकाळी गेली.' धक्का बसला असं म्हणता येणार नाही. होणार हे ठाऊक होतं, कधी एवढंच ठाऊक नव्हतं. पुढच्या मीटिंगा रद्द केल्या आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली. रडू आलं ते काही दिवसांनी, घरी भाजी चिरताना. थकवा मात्र त्या सकाळी आला तो अजून गेलेला नाही.

तिच्या ऑफिसातल्या लोकांनी ग्रुपवर जे लिहिलं ते वाचून माझी चिडचिडच झाली. सगळ्यांची लाडकी, सदा हसतमुख... अहो, कुठली हसतमुख? आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत ती एचआर सांभाळायची, मी तिथंच टेस्ट इंजिनिअर होते. कँटीनमध्ये ती जेवायला बसली की आजूबाजूच्या टेबलांवरचे आवाज आपोआप खाली यायचे. "एचआरची बाई सगळ्यांना आवडत असेल तर ती काम करत नाहीये," असं ती स्वतःच म्हणायची. मूळची ठाण्याची, लग्न केलं नाही, इथं परदेशात येऊन बरीच वर्षं झालेली, इथली सिटिझनही झालेली. क्वीन्सटाउनला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये तिचं घर. सकाळी आम्ही दोघी एकाच वेळेला निघायचो, आणि ट्रेनमध्ये ती ऑफिसबद्दल एक अक्षर बोलायची नाही. बोलायची ते कढीपत्ता कुठल्या दुकानात ताजा मिळतो याबद्दल.

पण तिचं काम कसं चालायचं ते मी पाहिलेलं आहे. नव्यानं मॅनेजर झालेल्यांना ती शिकवायला बसायची तेव्हा मीही त्यात होते. माझा एक तंत्रज्ञ सारखा उशिरा यायला लागला होता आणि मी त्याला लेखी ताकीद द्यायच्या बेतात होते. तिनं विचारलं, "त्याच्याशी बोललीस?" म्हटलं, बोलले, सगळं ठीक ना म्हणून विचारलं, तो हो म्हणाला. "सगळं ठीक ना म्हटल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? आपणच उत्तर त्याच्या तोंडात घालतो. या आठवड्यात काय जड गेलं, असं विचार. आणि क्युबिकलमध्ये नको, कॉफी आणायला जाता जाता विचार. शेजारी चालताना माणूस बोलतो, समोर बसवलं की जबाब देतो." मी तसं केलं. त्याची आई घरात पडली होती आणि सकाळी तिला सांभाळायला येणारी बाई उशिरा यायची, एवढंच निघालं. त्याची शिफ्ट बदलली, ताकीद राहिली बाजूला. शुभदाला सांगायला गेले तर ती म्हणाली, "बरं. आता शिफ्ट बदलली म्हणून त्याच्यावर उपकार केल्यासारखं वागू नकोस." कौतुक करणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

वाईट बातमी कशी द्यायची याचे तर तिचे नियमच होते. शुक्रवारी द्यायची नाही, कारण मग माणूस शनिवार-रविवार एकटा पडतो. ईमेलवर द्यायची नाही. आधी हवापाण्याच्या गप्पा मारून त्याला गाफील करायचं नाही. जे आहे ते पहिल्या वाक्यात सांगायचं आणि मग गप्प बसायचं. "तुझं मन मला कळतं," हे तर चुकूनही म्हणायचं नाही, कारण ते खरं नसतं. मला तेव्हा हे सगळं फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आम्ही दोघी त्या कंपनीत असतानाचीच गोष्ट. मला बढती मिळाली आणि सासूबाईंना इथं आणता येईल एवढा माझा पगार नियमात बसला. नवरा, नितीन, माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेन्डन्ट पासवर. तो घरून पुण्याच्या एका प्रकाशकासाठी पुस्तकांची मांडणी करायचा. मुलगी सई इथल्याच शाळेत. म्हणजे आमचं सगळं घर माझ्या एका नोकरीच्या पासवर, इथं राहायच्या परवान्यावर, उभं होतं. सासूबाई नाशिकला भाड्याच्या जुन्या घरात एकट्या. ते घर मालकाला परत द्यायचं, भांडीकुंडी वाटून टाकायची आणि त्यांना कायमचं आणायचं असं ठरलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शुभदा आली तेव्हा हे मी तिला फार आनंदानं सांगितलं. ती आंब्याची डाळ खात होती. चमचा तसाच धरून म्हणाली, "घाई आहे का गं? दिवाळीनंतर आणलंस तर? घर तरी लगेच मोडायला नको."

मला राग आला. आमच्यात कुणाच्याही घरी कुठलाही सल्ला चालतो, पण सासूला आणू नको असं बाहेरच्या बाईनं सांगायचं नसतं. त्यातून तिला ना नवरा ना सासू. बायका निघून गेल्यावर मी नितीनला म्हटलंसुद्धा, हिला संसारातलं काय कळतंय. आम्ही काही थांबलो नाही. पुढच्याच महिन्यात सासूबाई आल्या, त्यांच्या देव्हाऱ्यासह. नाशिकच्या घरात दुसरे भाडेकरू राहायला आले.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी, कंपनीनं आमचा टेस्टिंग विभाग बंद करत असल्याचं सांगितलं. एकेकाला छोट्या खोलीत बोलावत होते. माझ्या वेळेला आत माझा बॉस केल्विन होता आणि शुभदा. ती समोर बसली नव्हती, टेबलाच्या माझ्याच बाजूच्या खुर्चीवर होती. मी बसले आणि ती इंग्रजीत म्हणाली, "मीनल, युअर पोझिशन इज बीइंग रिट्रेंच्ड." पहिल्या वाक्यात. मग गप्प. इतक्या वर्षांत ती माझ्याशी मराठीशिवाय बोलली नव्हती. नोकरी गेल्यापेक्षाही मला ते इंग्रजी लागलं. केल्विनला कळावं म्हणून ती इंग्रजीत बोलली हे उघड आहे, पण लागलं ते लागलं. तो बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तुला सांगायचं काम दुसऱ्या कुणाकडे देता आलं असतं. मी दिलं नाही. परक्याच्या तोंडून नको वाटलं." मी विचारलं, "तुला हळदीकुंकवाच्या दिवशी माहीत होतं?" ती हो म्हणाली. मी उठून आले.

घरी सासूबाई नव्या जागेत देव मांडत होत्या. त्यांना काय सांगणार? नोटिशीचा काळ संपला की पास रद्द, आणि मग थोड्या दिवसांत गाशा गुंडाळायचा. जायचं कुठे, तर ज्या घराला त्या नुकत्याच कुलूप लावून आल्या होत्या ते आता त्यांचं नव्हतं. रात्री नितीन आणि मी दबक्या आवाजात बोलायचो. सईला कुठून तरी कुणकुण लागलीच. "ममा, वी डोन्ट हॅव टू गो, राइट? आजी जस्ट केम लेह," असं तिनं इथल्या मुलांच्या, शेवटी 'लेह' लावायच्या इंग्रजीत विचारलं.

कंपनीनं नोटिशीचा काळ करारापेक्षा वाढवून दिला होता आणि तो संपेपर्यंत कुणाचा पास रद्द करणार नव्हती. यासाठी शुभदा वरच्या लोकांशी भांडली होती हे मला नंतर केल्विनकडून समजलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ती रोज दुपारी कँटीनच्या कोपऱ्यात बसते आणि ज्याला हवं त्याची मुलाखतीची तयारी करून घेते. मी जाणार नव्हते. दोन मुलाखतींत नकार आला, आणि गेले. अडला हरी, दुसरं काय. तिनं माझी मुलाखत घेतली, अगदी ओळख नसल्यासारखी. थोड्या वेळानं पेन खाली ठेवून म्हणाली, "मीनल, तू मघापासून 'आम्ही केलं', 'आमच्या टीमनं केलं' म्हणतेयस. ती चाचणीची पद्धत कुणी बसवली?" म्हटलं, मी. "मग मी म्हण. आपली टिमकी आपण वाजवू नये हे आईनं शिकवलंय, मलाही शिकवलंय. पण समोर बसलेला माणूस तुझ्या आईला ओळखत नाही. त्याला वाटतं ही नुसती टीममध्ये बसलेली होती." मी पुन्हा सुरुवात केली. 'मी' म्हणताना जीभ अडखळत होती. तिनं परत परत म्हणायला लावलं, इतकं की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. वन-नॉर्थची ही नोकरी मला त्यानंतरच्या मुलाखतीत मिळाली. सासूबाईंना आम्ही सगळं सांगितलं ते नवा पास हातात आल्यावर.

तिचे आभार मी मानले, पण मन काही स्वच्छ झालं नाही. येता-जाता लिफ्टपाशी, बाजारात भेट व्हायची, कढीपत्त्यापलीकडे बोलणं जायचं नाही. पुढं एकदा ती हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या टेबलावर, एकटीच चहा पीत बसलेली दिसली, मी समोर जाऊन बसले आणि विचारलंच, "तू सांगू शकत होतीस." ती म्हणाली, "हो. शकत होते." वाटलं होतं ती कंपनीचे नियम पुढे करेल. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर त्या तंत्रज्ञाला का नाही? त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. हळदीकुंकवाला बोलावतात त्यांना आधी कळणार आणि बाकीच्यांना मंगळवारी, असं मला नाही जमलं. तरी तुला बोलले मी, दिवाळीनंतर आण म्हणून. तेवढंही बोलायला नको होतं." मग चहात बघत म्हणाली, "तुमच्या घरची आंब्याची डाळ घशाखाली उतरेना त्या दिवशी." मला ते सगळं समजलं. पटलं असं अजूनही म्हणवत नाही. त्या जागी मी असते तर मैत्रिणीला सांगितलं असतं, आणि कदाचित म्हणूनच ते काम मला कुणी दिलं नसतं.

गेल्या वर्षी एका सकाळी तिनं दार वाजवलं. सासूबाई पूजेत होत्या. स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "मला कॅन्सर आहे. पसरलाय." आणि गप्प. मीही गप्प राहिले, तिनंच शिकवलेलं होतं. मग म्हणाली, "श्रीकांतला सांगितलंय. तुझ्याशिवाय इथं कुणाला कळता कामा नये. आणि आईला तर नाहीच." तिच्या आईचं, काकूंचं, ठाण्याला खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या चालायला लागल्या की स्वतः सांगेन, असं ती म्हणाली. मग काठीनं चालायला लागल्या की... मग जिना उतरायला लागल्या की... मी एकदा चिडून म्हटलं, "पहिल्या वाक्यात सांग ना. जगाला शिकवलंस." ती हसली. "तो नियम पगार मिळतो तिथला. आईला सांगायचे पैसे कोण देतंय?"

गणपतीत इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला विचारत होत्या, शुभदा दिसत नाही, बरी आहे ना? मी मोदकाचं ताट पुढं करत होते. रविवारी सकाळी काकूंचा फोन यायचा, तेव्हा मी तिच्याकडे जाऊन बसायची. आधी ती स्वतः बोलायची, उशीला टेकून, आवाज जमेल तेवढा मोठा करून. पुढे आवाज साथ देईना, तेव्हा मी फोन घ्यायला लागले. "काकू, ऑफिसात फार काम आहे हो तिला. आत्ताच बाहेर पडली." ती पलंगावर डोळे मिटून ऐकत असायची. काकू म्हणायच्या, तिला सांग, जेवत जा वेळेवर. त्या फोननंतरचा रविवार मला कशातच घालवता यायचा नाही. सासूबाई विचारायच्या, काय झालं गं तुला, आणि मी म्हणायची, काही नाही. शुभदानं हे वर्षानुवर्षं केलं. किती घरच्या हळदीकुंकवात, किती जणांशेजारी ट्रेनमध्ये बसून... ती कढीपत्त्याबद्दलच का बोलायची ते मला तेव्हा कळलं.

काकूंना शेवटी श्रीकांतनं सांगितलं, सगळं संपल्यावर. त्यांनी जिना उतरायला सुरुवात केली होती.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला, माझ्या नंबरवर. आधी सासूबाईंची चौकशी केली, सईची केली. मग विचारलं, "मीनल, तू फोन घ्यायचीस तेव्हा ती तिथंच असायची का गं?" मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. फिरवाफिरव करायला जागा होती. ठाण्याहून त्यांना काय दिसणार होतं?

"हो काकू. शेजारीच असायची. मला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हटलं, आणि गप्प बसले. आता त्या विचारतील, मग मला का नाही सांगितलंस. मी शुभदाला विचारलं होतं तसंच. माझ्याकडे तर त्याला शुभदाएवढंही उत्तर नव्हतं.



"दमली असशील गं," काकू म्हणाल्या.

शुभदाला हे म्हणणारं तिच्या आयुष्यात कुणी नव्हतं. मीही नाही.