भोजराजनं पुकारलेलं साल

आमच्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ सुरू होण्याआधी, साल पुकारतात. गेल्या मंडईपासून कोण जन्मलं, काय घडलं, कोण गेलं, सगळं तोंडपाठ. पुकारतो तलावात मासे धरणारा भोजराज. त्याच्या आवाजाला माईक कशाला हवा? पण नाही दिला तर स्वारी रुसते!

"देशात लय झालं, ते टीव्हीनं सांगतलं," तो दरसाल म्हणतो. "आता कामाचं आयका!"

आधी घडामोडी, मग जन्म, शेवटी मरणं. मरणं सुरू झाली की जन्म बंद; नंतर आलेलं लेकरू पुढच्या सालात.

यंदा माझा हात खिशातल्या फोनवरच होता. भोजराजची लेक हर्षा पवनीच्या दवाखान्यात सकाळपासून कळा देत होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी पाळणा हलणार होता. भोजराजची बायको रंभाबाई नातवंडाची वाट पाहता पाहता श्रावणात गेली. आजी आणि नातवंड एकाच सालात पुकारायचं, हा त्याचा हट्ट. जावयाचा फोन माझ्याकडे येणार होता.

फोन येईना. भोजराजनं जन्म असे ताणले की कैलाशच्या म्हशीचं रेडकूसुद्धा पुकारलं! लोक हसून लोटपोट. दंडारवाले मात्र तोंड रंगवून ताटकळलेले.

"आटप ना बाप्पा!" भैय्याजी ओरडले. गावात त्यांचा शब्द शेवटचा.

भोजराजनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्याचा चेहरा पडला. मरणं सुरू झाली, सगळी मंडई उठून उभी राहिली. त्यानं देवाजीचं नाव घेतलं, धनीरामचं घेतलं, आणि माझा फोन वाजला!

"पोरगी झाली!" मी बोंबललोच. "दोघीबी खुशाल!"

"आता नाही चालत," भैय्याजी म्हणाले. "मरणं सुरू झाली. पुढच्या साली."

"काहून नाही चालत?" शकुनबाई गर्दीतून कडाडली. "तिची आजी पुकारली का अजून? नाही ना? मंग थे लेकरू आजीच्या आंधीच आलं!"

भैय्याजींनी भोजराजला हात केला, "पुकार बाप्पा!" मग काय विचारता! शिट्ट्या, टाळ्या, ढोलकी, एकच कल्ला. मरणं पुकारताना टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. मीही नाचलो, लाज कसली!

"हर्षाले पोरगी झाली!" भोजराज गरजला. तलावापलीकडेही ऐकू गेलं असेल.

लोक हसत हसत खाली बसू लागले.

"बसू नोका," तो माईकमध्ये हळूच म्हणाला. "माही रंभा राहिली."